करणग्रंथांची परंपरा आणि काचेवरचा गणक

आपल्या प्राचीन ज्योतिर्गणितात ग्रंथांचे तीन प्रकार मानलेले आहेत: सिद्धान्त, तंत्र आणि करण. कल्पारंभापासून गणित करावयाचे तो सिद्धान्त, युगारंभापासून करावयाचे ते तंत्र, आणि एखाद्या जवळच्या शकवर्षापासून प्रारंभ करून, अवाढव्य गुणाकार-भागाकार टाळून, इष्ट दिवसाचे ग्रह चटकन काढून देणारे ते करण. सिद्धान्तग्रंथात उपपत्तीचा विचार असे. करणग्रंथात बहुधा केवळ कृती असे. सिद्धान्त समजून घेण्यासाठी, तर करण वापरण्यासाठी. गावोगावचा पंचांगकर्ता ज्यावर पोट भरी तो ग्रंथ करण होता, आणि त्याने तो ग्रंथ मुखोद्गत केलेला असे. त्यातील प्रत्येक गुणक तेथे का आला हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे असा नियम मात्र नव्हता.

आज विद्यार्थ्याच्या वा अभियंत्याच्या हातातील टॅब्लेटवर सायंटिफिक कॅल्क्युलेटरचे जे ॲप असते, ते याच अर्थाने एक करण होय. काचेवर बटणांची केवळ चित्रे असतात. 'साइन'च्या चित्राला बोट लावून ३० लिहिले की पापणी लवण्याच्या आत ०.५ हे उत्तर उमटते. ते कसे आले, हे काच सांगत नाही आणि वापरणाराही विचारीत नाही. तथापि कोणत्याही करणाविषयी तीन प्रश्न विचारावेच लागतात. हा आकडा कोणत्या रीतीने निघाला? तो कोठपर्यंत खरा आहे? आणि त्याच्या खरेपणाची साक्ष कोण देतो? या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी होती. ती क्रमाने पाहिली म्हणजे काचेवरच्या त्या चित्रामागे केवढा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात आपले स्वतःचे काम कोणते उरले आहे, हे स्पष्ट होईल.

१

'साइन' हे बटण मूळचे आपल्याकडचे आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने आपल्या 'आर्यभटीय' या ग्रंथात ज्यांचे जे कोष्टक दिले, ते एकाच श्लोकात मावते. वर्तुळाचा परीघ २१,६०० कला मानला तर त्रिज्या सुमारे ३,४३८ कला येते. पाव वर्तुळाचे २४ समान भाग पाडले, तर प्रत्येक भाग २२५ कलांचा, म्हणजे ३ अंश ४५ कलांचा होतो. या २४ ठिकाणच्या ज्या प्रत्यक्ष न सांगता आर्यभटाने लागोपाठच्या दोन ज्यांमधील अंतरे तेवढी सांगितली, आणि तीही अक्षरसंकेताने. पहिली आठ अंतरे २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५ आणि १९९ अशी आहेत. त्यांची बेरीज १,७१९ येते. आणि ती ३,४३८ ची बरोबर निम्मी आहे. तीस अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी असते हे भूमितीने सिद्ध होते. तेव्हा पाठांतर केलेल्या शिष्याला आपले पाठांतर शुद्ध आहे की नाही हे केवळ बेरीज करून तपासता येई. येथे आकड्याची साक्ष स्मृती देत होती, आणि त्या स्मृतीची परीक्षा घेण्याचे साधन त्या कोष्टकातच ठेवलेले होते.

या शब्दाचा प्रवासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. धनुष्याची दोरी ती ज्या किंवा जीवा. अरबी ज्योतिष्यांनी 'जीवा' हा शब्द जसाच्या तसा उचलला. पण अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्यामुळे पुढील वाचकांनी तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याची गळ्याजवळची घडी, उराजवळची पोकळी. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांचे लॅटिनमध्ये भाषांतर होताना त्याच अर्थाचा 'सायनस' हा शब्द योजला गेला आणि त्याचे इंग्रजीत 'साइन' झाले. आपल्या बोलण्यातील 'जेब' हा शब्दही त्याच 'जैब'चा वंशज. धनुष्याची दोरी अशी चुकून खिशात गेली. आणि आठशे वर्षांनी ती खरोखरच खिशात मावू लागली, हे पुढे येईलच.

२

कोष्टक पाठ करणे हा एक मार्ग झाला. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने दुसरा मार्ग दाखविला. त्याच्या 'महाभास्करीया'त कोष्टकाशिवाय ज्या काढण्याची एक सुंदर रीत आहे. कोनाचे अंश १८० मधून वजा करावे आणि उरलेल्या संख्येला मूळ अंशांनी गुणावे. या गुणाकाराची चौपट घेऊन तिला, ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून जी संख्या राहील तिने भागावे. कोन ३० अंशांचा असेल तर १५० गुणिले ३० म्हणजे ४,५००. त्याची चौपट १८,०००. आणि ४०,५०० मधून ४,५०० गेले की ३६,०००. भागाकार बरोबर अर्धा. दहा अंशांसाठी हीच रीत ०.१७५३ असे उत्तर देते. खरे उत्तर ०.१७३६ आहे. शून्यापासून १८० अंशांपर्यंत कोठेही या रीतीची चूक ०.००२ च्या पलीकडे जात नाही. चार अंकगणिती क्रियांत ज्या मिळवून देणारी ही कृती म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर एक लहानशी आज्ञावलीच होय.

परंतु रीत मिळाली म्हणजे तिचे कारण मिळाले असे नाही. ते कारण केरळात सापडले. चौदाव्या शतकातील संगमग्रामच्या माधवाने ज्येची किंमत एका न संपणाऱ्या श्रेणीने सांगितली. श्रेणीतील जितकी अधिक पदे घ्यावी तितके उत्तर अधिक अचूक, आणि कोठे थांबावयाचे ते आपल्या गरजेवर अवलंबून. माधवाचे चोवीस ज्यांचे कोष्टक सात-आठ दशांश स्थळांपर्यंत बिनचूक आहे. त्याचे मूळ लेखन फारसे उरलेले नाही. पण सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषा' हा ग्रंथ लिहून या श्रेणींची उपपत्ती पायरीपायरीने मांडली, आणि ती संस्कृतात न मांडता मलयाळम गद्यात मांडली. प्रादेशिक भाषेच्या अभिमान्यांनी विसरू नये अशी ही गोष्ट आहे. युरोपीय विद्वानांचे लक्ष या कामाकडे चार्ल्स व्हिश यांच्या १८३४ मधील निबंधाने प्रथम वेधले. येथे आकड्याची साक्ष पाठांतर देत नाही; युक्तिवाद देतो. ज्याला शंका असेल त्याने मूळ कारणापर्यंत चालत जावे, वाट मोकळी आहे.

३

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण कोकणच्या किनाऱ्यावरील नांदगावी घडले. तेथील केशव दैवज्ञ हा केवळ ग्रंथ वाचणारा ज्योतिषी नव्हता. ग्रह प्रत्यक्ष आकाशात कोठे दिसतात ते तो वेध घेऊन पाही आणि जुन्या ग्रंथांतील गणिताशी ताडून पाही. अंतर पडलेले आढळले की गणिताला संस्कार द्यावयाचा, हा त्याचा बाणा होता. त्याचा पुत्र गणेश दैवज्ञ याने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' रचले.

'ग्रहलाघव' हे करणग्रंथांतील एक आश्चर्य होय. गणेशाने त्यातून ज्या आणि चाप यांना पूर्ण रजा दिली. जेथे जेथे ज्येचे कोष्टक लागावयाचे, तेथे तेथे त्याने साध्या गुणाकार-भागाकाराच्या रीती योजल्या. त्यांतील काही पहिल्या भास्कराच्या रीतीच्याच कुळातील आहेत. आरंभापासूनचे दिवस मोजताना संख्या फुगत जाते, म्हणून त्याने ४,०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे चक्र कल्पिले. चक्रे वेगळी काढली की उरणारा दिवसगण कधीच चार हजारांच्या फार पुढे जात नाही. सामान्य बुद्धीच्या आणि चिकाटीच्या कोणाही माणसाला पंचांग करणे यामुळे शक्य झाले. हा ग्रंथ महाराष्ट्रात घरोघर गेलाच, परंतु गुजरात आणि कर्नाटकातही मान्य झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात गणेशाच्या योग्यतेची सविस्तर चर्चा केलेली आहे.

या सोयीची किंमत काय पडली? जोपर्यंत गणेश आणि त्याची पिढी होती तोपर्यंत काहीच नाही. कारण ज्या माणसाने ज्या वगळली त्याला ती पुरती ठाऊक होती. परंतु पुढील तीन शतकांत रीत सोपी आहे म्हणून ती शिकविली गेली, आणि सोपी आहे म्हणूनच तिच्या मागे काय आहे हे विचारण्याची निकड उरली नाही. करणाला वेळोवेळी द्यावयाचा संस्कार देणारे केशव दुर्मीळ झाले. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांच्यात डोळ्यांना जाणवेल इतके अंतर पडले होते. तेव्हा पुण्यातील गणिताचे अध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत प्रसिद्ध केली, आणि त्यांतून केरोपंती अथवा पटवर्धनी म्हणून ओळखले जाणारे पंचांग निघाले. त्यावरून जो वाद पेटला त्यात धर्माचे मुद्दे पुष्कळ होते. पण मुळाशी प्रश्न एवढाच होता की आकड्याची साक्ष ग्रंथाने द्यावयाची की आकाशाने.

याच परंपरेची दुसरी शाखा महाराष्ट्राबाहेर वाढली, आणि बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना ती आपलीच वाटावी. गोदातीरीच्या गोलग्रामचा दिवाकर हा गणेश दैवज्ञाचा शिष्य. त्याचे वंशज काशीस जाऊन राहिले. मल्लारी आणि विश्वनाथ यांनी तेथे 'ग्रहलाघवा'वर टीका लिहिल्या आणि त्यातील रीतींच्या मागची कारणे व उदाहरणे पुरविली. याच घराण्यातील कमलाकराने १६५८ मध्ये काशीत 'सिद्धान्ततत्त्वविवेक' रचला. त्यात त्याने समरकंदच्या उलुघ बेगाच्या परंपरेतील गणिताचा उपयोग करून एका अंशाची ज्या काढण्याचा विचार केला आहे, आणि प्रत्येक अंशाच्या ज्यांचे कोष्टक दिले आहे. गुरूच्या गुरूने जी ज्या सोयीसाठी वगळली होती, ती त्याच शिष्यपरंपरेने काशीत अधिक सूक्ष्म करून परत आणली. करण आणि सिद्धान्त एकमेकांचे शत्रू नाहीत, हे या एका घराण्याच्या इतिहासावरून दिसते. दुसऱ्याचा विसर पडतो तेव्हाच पहिले धोक्याचे होते.

४

याच सुमारास युरोपात आकडेमोडीला एक नवे वाहन मिळाले होते. स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉगॅरिथमचा शोध प्रसिद्ध केला. गुणाकाराच्या जागी बेरीज आणि भागाकाराच्या जागी वजाबाकी करता आली, की ज्योतिष्याचे निम्मे आयुष्य वाचते. हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये तीस हजार संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत काढून छापले. यंत्र नव्हते; होती ती हाताची बोटे, दौत आणि धीर. पुढे दोनअडीच शतके कोष्टके करणे हा एक मोठा उद्योग झाला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात गास्पार द प्रोनी यांनी या कामाची कारखान्यासारखी विभागणी केली: वरती थोडे गणिती, मध्ये काही हिशेबनीस, आणि खाली केवळ बेरीज-वजाबाकी करू शकणारी बरीच माणसे. त्या खालच्या थरातील माणसांना ते काय काढीत आहेत हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. छापील कोष्टकांतील चुकांना विटलेल्या चार्ल्स बॅबेज यांनी १८२२ पासून ही माणसे काढून त्यांच्या जागी दातेरी चाके बसविण्याचा जो उद्योग आरंभिला, त्याच्या मुळाशी हीच विभागणी होती.

इंग्रजीत त्या काळी 'कॉम्प्यूटर' हे यंत्राचे नाव नव्हते. ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. हिंदुस्थानात असे सर्वांत प्रसिद्ध कॉम्प्यूटर म्हणजे राधानाथ सिकदार. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला, ते कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत त्रिकोणांची साखळी गुंफीत गेले. लॅम्ब्टन यांना मात्र हिमालय दिसला नाही. वाटेत वऱ्हाडाच्या शेजारी, वर्धेकडील हिंगणघाट येथे १८२३ मध्ये त्यांचा अंत झाला आणि त्यांची कबर तेथेच आहे. त्यांच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३१ मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील एका तरुण विद्यार्थ्याला तीस रुपये महिन्यावर कामास घेतले. तेच सिकदार. पुढे ते सर्वेक्षणाचे मुख्य कॉम्प्यूटर झाले.

हिमालयातील पंधरा क्रमांकाच्या शिखराचे वेध सहा ठिकाणांहून, शंभराहून अधिक मैलांच्या अंतरावरून घेतलेले होते. इतक्या लांबून येणारा प्रकाश वातावरणात वाकतो. पृथ्वीची गोलाई मध्ये येते. या सर्वांचा हिशेब ज्या, लॉग आणि संस्कार यांच्या साहाय्याने कागदावर मांडून, १८५२ च्या सुमारास, हे शिखर जगात सर्वांत उंच असल्याचा निष्कर्ष निघाला. अँड्रू वॉ यांनी १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर केली आणि १८६५ मध्ये शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. अशी एक आख्यायिका आहे की सहा उत्तरांची सरासरी नेमकी २९,००० फूट आली होती. पण वाटोळा आकडा पाहून लोक त्याला अंदाज समजतील या भीतीने त्यात दोन फूट वाढविले गेले. ती खरी असो वा नसो, आकडा खरा असणे आणि खरा दिसणे यांतील फरक ती चांगला सांगते. २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी उपग्रहांच्या साहाय्याने मोजून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. सिकदारांच्या कचेरीचा आकडा तिच्याहून सुमारे नऊ मीटरच कमी आहे.

सिकदारांनी सर्वेक्षणाच्या इंग्रजी मार्गदर्शक ग्रंथातील गणिताचे भागही लिहून दिले होते, आणि १८५१ च्या पहिल्या आवृत्तीत त्याचा आभारपूर्वक उल्लेख होता. सिकदार १८७० मध्ये वारले. १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गाळला गेला आणि त्यावर त्या वेळी वृत्तपत्रातून टीकाही झाली. आकडे राहिले, कोष्टके राहिली, माणूस गेला. काचेवरच्या बटणामागे ज्यांची नावे नाहीत अशी माणसे किती असतील, याची कल्पना या एका उदाहरणावरून यावी.

५

लॉगच्या कोष्टकाला एक यांत्रिक भाऊ होता: सरकपट्टी, म्हणजे स्लाइड रूल. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम ऑट्रेड यांनी लॉगच्या प्रमाणात आखलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकवून गुणाकार करण्याची युक्ती काढली, आणि पुढील साडेतीनशे वर्षे अभियंत्याची ओळख तिच्यावरून पटे. सरकपट्टी तीन आकडे देई. पण दशांशचिन्ह कोठे द्यावयाचे ते सांगत नसे. २, २० आणि २,००० हे तिला सारखेच. उत्तर शेकड्यात येणार की हजारांत, हे वापरणाऱ्याला आधी मनाशी ठरवावे लागे. लॉगच्या कोष्टकातही अपूर्णांकी भाग तेवढा छापलेला असे, पूर्णांकी भाग डोक्याने द्यावयाचा. ही त्या साधनांची उणीव होती यात शंका नाही. परंतु तीच उणीव माणसाला अजमास करावयास लावी, आणि अजमास चुकला तर पूल पडतो हेही शिकवी. उत्तराची अर्धी साक्ष साधन देई आणि अर्धी वापरणारा.

हा सहकार १९७२ मध्ये मोडला. त्या वर्षी अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने एचपी-३५ हा गणक बाजारात आणला. पस्तीस बटणे म्हणून नाव पस्तीस. किंमत ३९५ डॉलर. आपल्या सदऱ्याच्या खिशात मावेल असा गणक हवा, असा कंपनीचे बिल ह्यूलेट यांचा आग्रह होता. ज्येचे 'जैब' झाले होते, ते आता अक्षरशः जेबेत आले.

एवढ्याशा डबीत कोष्टके मावणे शक्य नव्हते. मग साइन निघे कोठून? उत्तर १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रीतीत होते. जॅक व्होल्डर या अभियंत्याने ती बी-५८ या बाँबफेकी विमानाच्या दिशादर्शनासाठी शोधली होती. आडव्या रेषेवर एक बाण ठेवला आहे आणि तो इष्ट कोनापर्यंत फिरवावयाचा आहे, अशी कल्पना करावी. बाण मनाला येईल तसा फिरवावयाचा नाही. ठरीव कोनांच्या पावलांनी फिरवावयाचा. पहिले पाऊल ४५ अंशांचे, दुसरे सुमारे २६.५७ अंशांचे, तिसरे १४.०४, चौथे ७.१३, असे ते लहान होत जाते. इष्ट कोनाच्या पुढे गेलो तर पुढचे पाऊल मागे घ्यावयाचे, मागे राहिलो तर पुढे टाकावयाचे. ही पावले मुद्दाम अशी निवडली आहेत की प्रत्येक पावलाला गुणाकार लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि अंक सरकविणे एवढ्यावर भागते. मोजकी पावले झाली की बाणाचे टोक ज्या उंचीवर असेल तीवरून साइन मिळते. एचपी-३५ मध्ये याच रीतीचा दशमान पद्धतीला सोयीचा अवतार वापरला होता. अंतरे बेरजेने जोडीत जाण्याचा आर्यभटाचा मार्ग आणि हा मार्ग एकच नव्हेत. तरी मोठे गुणाकार टाळून लहान पावलांनी चालण्याची वृत्ती एकच आहे.

आणि हे नवे करणही प्रमादरहित नव्हते. २.०२ या संख्येचा नैसर्गिक लॉग काढून लगेच त्याची उलट क्रिया केली तर पुन्हा २.०२ यावयास हवे. एचपी-३५ चे पहिले नग २ असे उत्तर देत. दोष लक्षात आला तोपर्यंत सुमारे पंचवीस हजार नग विकले गेले होते. कंपनीने तो जाहीर केला आणि नग बदलून देण्याची तयारी दाखविली. कौतुक या प्रामाणिकपणाचे केले पाहिजेच. पण दोष सापडला कसा, हेही पाहिले पाहिजे. गेलो त्या वाटेने परत येऊन मूळ संख्या मिळते का हे पाहिले असता तो उघडा पडतो. तीस अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी येते का, हे पाहणाऱ्या प्राचीन शिष्याचीच ही परीक्षा.

६

आता टॅब्लेट. येथे गणक म्हणून वेगळी वस्तूच उरलेली नाही. गणक हे काचेवर उमटणारे अनेक चित्रांपैकी एक चित्र आहे. ते इतके किरकोळ मानले गेले की ॲपल कंपनीचा आयपॅड २०१० मध्ये निघाला तेव्हा त्यात कॅल्क्युलेटरच नव्हता. तो कंपनीने २०२४ मध्ये दिला. त्यात हाताने लिहिलेले समीकरण वाचून उत्तर मांडण्याची सोयही आहे, म्हणजे बटणांची चित्रेही आता ऐच्छिक झाली. आतील यंत्राला गुणाकार जड नाहीत. म्हणून साइनसाठी पावलांची रीत सोडून बहुधा छोट्या बहुपदी वापरतात. त्या माधवाच्या श्रेणीच्या कुळातील आहेत. फरक एवढाच की चूक एका टोकाला साचू नये, सर्वत्र सारखी वाटली जावी, म्हणून त्यांचे गुणक किंचित बदललेले असतात.

या गणकाच्या मर्यादा त्याच्या वेगामुळे दिसत नाहीत. पहिली मर्यादा एककाची. कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये, हे पडद्याच्या कोपऱ्यातील एक बारीक खूण सांगते. खूण रेडियनची असेल तर साइन ३० चे उत्तर ०.५ न येता उणे ०.९८८ येते. गणक चुकलेला नसतो. विचारलेल्या प्रश्नाचे त्याने बरोबर उत्तर दिलेले असते. दुसरी मर्यादा क्रमाची. २ अधिक ३ गुणिले ४ हे दुकानातला साधा कॅल्क्युलेटर २० सांगतो, कारण तो येईल ती क्रिया लगेच उरकतो. सायंटिफिक कॅल्क्युलेटर गुणाकार आधी करून १४ सांगतो. तिसरी मर्यादा अंकांच्या संख्येची. १९८५ मध्ये, विल्यम कहान यांच्या पुढाकाराने, यंत्रातील दशांश गणिताचा जो सर्वमान्य दंडक ठरला, त्यानुसार सामान्यतः पंधरा-सोळा अंक विश्वासाचे असतात. एकावर वीस शून्ये असलेल्या संख्येत १ मिळवून तीच संख्या वजा केली, तर उत्तर १ यावे. असे अनेक गणक शून्य देतात. तो १ बेरजेच्या वेळीच बुडालेला असतो. हान्स बोम या संगणकशास्त्रज्ञांनी अँड्रॉइडच्या गणकाची घडण बदलताना, जितके अंक मागावेत तितके पुन्हा मागे जाऊन काढण्याची व्यवस्था केली आणि २०१७ मध्ये तिच्याविषयी निबंध लिहिला. माधवाच्या श्रेणीतील 'हवे तेथपर्यंत चाला' हे तत्त्व अशा रीतीने काचेखाली परतले. परंतु कोणता गणक कोणत्या घडणीचा, हे बाहेरून पाहून कळत नाही. दोन्हींच्या बटणांची चित्रे सारखीच.

शिक्षणाच्या क्षेत्रात याविषयी एकमत नाही हे स्वाभाविक आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉगची कोष्टके वापरण्यास मुभा आणि कॅल्क्युलेटरला मनाई अशी सूचना असते. तोच विद्यार्थी पुढे अभियांत्रिकीच्या 'गेट' परीक्षेला बसला, की त्याच्यापुढे संगणकाच्या पडद्यावर सायंटिफिक कॅल्क्युलेटरचे चित्र ठेवले जाते आणि स्वतःचा गणक आणण्यास बंदी असते. यांपैकी एक व्यवस्था मागासलेली आणि दुसरी प्रगत, असे मानण्याचे कारण नाही. पहिली अजमासाची सवय लावते, दुसरी त्या सवयीच्या जोरावर वेग देते. गोंधळ होतो तो पहिली केवळ शिक्षा वाटते आणि दुसरी सुटका वाटते तेव्हा.

७

या सर्व इतिहासावरून एक गोष्ट ध्यानी येते. आकडा काढण्याचे श्रम दर पिढीत माणसाच्या अंगावरून उतरत गेले: स्मृतीवरून कोष्टकावर, कोष्टकावरून पट्टीवर, पट्टीवरून यंत्रावर, यंत्रावरून काचेवरच्या चित्रावर. श्रम उतरले हे चांगलेच झाले. तीस रुपये महिन्यावर रात्रंदिवस लॉग मांडणाऱ्या माणसांचा तो दिवस परत यावा असे कोणी म्हणणार नाही. पण श्रमाबरोबर साक्षही उतरते असा जो समज होतो, तो खरा नाही. पुलाचा भार, औषधाची मात्रा, शिखराची उंची यांचा आकडा चुकला तर काचेला जाब विचारता येत नाही. सही करणाऱ्यालाच तो द्यावा लागतो.

म्हणून काचेला बोट लावण्यापूर्वी उत्तर साधारण कोणत्या घरातले येईल याचा अजमास करावा. कोन कशात मोजला आहे ते पाहावे. आलेल्या अंकांपैकी किती भरवशाचे आहेत हे मूळ मोजमापावरून ठरवावे. आणि शक्य असेल तेथे उलट वाटेने परत येऊन पाहावे. या चार गोष्टींना मिळून अर्धे मिनिट लागत नाही. त्या कोणत्याही ॲपमध्ये बसवून मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी त्या आपल्या होणार नाहीत.

नांदगावच्या केशवाजवळ पूर्वजांचे करणग्रंथ होतेच. त्यांवर विसंबून त्याला सुखाने पंचांग लिहिता आले असते. त्याने ते ग्रंथ टाकूनही दिले नाहीत. गणिताने जेथे ग्रह सांगितला तेथे तो खरोखर आहे का, हे तो बाहेर येऊन पाही, आणि नसेल तर गणिताला संस्कार देई. पुत्राच्या 'ग्रहलाघवा'ला जी सोय साधता आली ती या पित्याच्या वेधांच्या पायावर. आपल्या हाती आलेले करण 'ग्रहलाघवा'हून कितीतरी पटींनी लाघवी आहे. त्यामुळे बाहेर येऊन पाहण्याचे काम कमी न होता अधिक अगत्याचे झाले आहे.